चार खोल्यांचं संस्थान

राजेसाहेब स्वस्थ बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. ओट्यावर त्यांची एक लोखंडी खुर्ची असायची, पाठीवर कुठल्या तरी थंड पेयाचं पुसट झालेलं नाव. तिला ते गादी म्हणत. पण गादीवर टेकले की दोन मिनिटांत उठत. नळाकडे जात, गटाराच्या फरशीवर काठी आपटून बघत, परत येत, बसत, पुन्हा उठत. राणीसाहेब आतून म्हणायच्या, "अहो, राज्य पळून जात नाही कुठं. बसा जरा." यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "एकदा गेलंय, म्हणून तर उठतो."

राज्य म्हणजे बुवापाड्यातल्या चार खोल्या. सिमेंटच्या पत्र्याच्या, एका ओळीत, पुढे लांबलचक ओटा. ओळीच्या टोकाला दोन खोल्या जास्तीच्या, तो राजवाडा. त्यात राजेसाहेब, राणीसाहेब आणि राजेसाहेबांच्या आई, म्हणजे आईसाहेब, असे तिघं राहायचे. राजवाडा हे नाव भाडेकरूंनी चेष्टेनं ठेवलं होतं, पण राजेसाहेबांना त्यात चेष्टा दिसली नाही. पोस्टमन विचारत आला की तेच सांगायचे, "वाडा शेवटचा."

खरोखरीचे राजे होते ते. घाटाच्या वर, डोंगराच्या बेचक्यात त्यांच्या वडिलांचं संस्थान होतं, नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं. ते विलीन झालं, पुढं जो थोडा तनखा होता तोही सरकारनं बंद केला. होतं नव्हतं ते विकून राजेसाहेबांनी अंबरनाथला ही ओळ घेतली आणि एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपरची नोकरी धरली. कामगारांची कार्डं बघायची, उशिरा आलेल्याला थांबवायचं. गेटमधून मोठे साहेब आले की बाकीचे उठून सलाम करत. राजेसाहेब बसून सलाम घेत. एकदा नव्या साहेबांनी विचारलं म्हणे, "तुम्ही उभे का राहत नाही?" राजेसाहेब म्हणाले, "आपण आधी सलाम करा, मी उभा राहून परत करीन." त्यांची नोकरी कशी टिकली हे मला आजही कळलेलं नाही. बहुतेक त्यांच्याइतकं वेळेवर गेटवर येणारं दुसरं कुणी नसावं.

आम्ही तिथं आलो ते पंच्याऐंशीच्या आसपास. मी परभणीकडची. सहावीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी लग्न झालं, आणि नवऱ्याला अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये हेल्परचं काम लागलं म्हणून ट्रंक घेऊन इकडे आले. तोवर मी परभणी शहरसुद्धा दोनदाच पाहिलेलं. आधीच्या दोन ठिकाणी खोली मिळाली आणि गेली. एका ठिकाणी आडनाव विचारून गेली, दुसऱ्या ठिकाणी भिंतीवरचा बुद्धांचा फोटो बघून. त्यामुळं नवी खोली बघायला गेलो तेव्हा मी नवऱ्याच्या मागेच उभी राहिले. राणीसाहेबांनी विचारलंच, "आडनाव काय गं तुमचं?" नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत राजेसाहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "ते नंतर. जेवणारी तोंडं किती?"

"दोन," नवरा म्हणाला.

"सध्या दोन," राजेसाहेब म्हणाले, आणि किल्ली दिली.

बाहेर पडल्यावर नवरा हसत सुटला. "जात नाही विचारली, पोट विचारलं. असला मालक बघितला नाही." मला हसू आलं नाही. मला वाटलं, नंतर म्हणाले ना? मग नंतर विचारतील. ते 'नंतर' कधी येतंय याची मी पुढं तीन वर्षं वाट बघत होते.

पोट का विचारलं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. रजेच्या दिवशी आणि रोज रात्री, स्वतःचं ताट वाढलं की राजेसाहेब ओट्यावर यायचे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विचारत जायचे. "जेवलात का?" प्रत्येक दारात. प्रजा जेवल्याशिवाय राजानं जेवायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. वाड्यात म्हणे पूर्वी यासाठी एक वेगळा माणूस होता, तो गावात दवंडी देऊन यायचा. आता तो माणूस नव्हता, म्हणून राजे स्वतः यायचे.

प्रजेला याचा फार जाच होता. आमच्या पलीकडच्या खोलीत शहाडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक माणूस राहायचा. तो दिवसा झोपायचा. रविवारी दुपारी त्याच्या दारावर काठी वाजायची.

"जेवलात का?"

आतून आवाज यायचा, "जेवलो राजे! काल जेवलो, उद्यापण जेवणार! अब सोने दो ना बाबा!"

"आजचं बोला."

"आज भी! कसम से!"

मग राजेसाहेब समाधानानं पुढच्या दारात. त्यांच्यापायी आम्ही सगळे लवकर जेवायला लागलो. माझ्या गावी रात्रीची जेवणं उशिरा. इथं मी दिवेलागणीलाच भाकरी थापायला बसायचे, कारण आपल्यामुळं एक म्हातारा उपाशी बसलाय हा विचारच मला घास गिळू देत नसे. नवरा म्हणायचा, "राजा तो, आपण भाडेकरू. तू कशाला धावतेस?" पण मी धावायचे. परक्या मुलखात एक माणूस रोज विचारतो जेवलीस का, याची मला भीतीही वाटायची आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदमच.

एका गोष्टीनं मात्र मी कायम अस्वस्थ असायचे. राजेसाहेब आमच्या दारात रोज यायचे, पण आत कधी आले नाहीत. चहा विचारला तर म्हणायचे, "राजा प्रजेच्या घरचं पाणी घेत नाही. मग प्रजेत लावालावी होते." इतर तीन खोल्यांतही ते पाणी पीत नसत, हे मी लक्ष ठेवून बघितलं होतं. तरी मनातून जायचं नाही. त्या तीन खोल्यांना राजा म्हणून नाही म्हणतात, आणि आम्हाला? माणसाच्या 'नाही'च्या आत काय आहे हे बाहेरून कसं दिसणार!

मग नवऱ्याच्या वर्कशॉपला टाळं लागलं. पहिले काही दिवस साठवलेल्यावर ढकलले. एका रात्री घरात काहीच नव्हतं. नवरा काम शोधायला कल्याणकडे गेलेला. काठी वाजली. "जेवलात का?"

"जेवले," मी म्हणाले.

राजेसाहेब पुढं गेले नाहीत. दारातच थांबले. नाक वर करून उभे. मग आपल्या दाराकडे परतले. थोड्या वेळानं राणीसाहेब हातात झाकलेली ताटली घेऊन तरातरा आल्या आणि त्यांनी ती माझ्यापुढं आपटली.

"घे बाई, खा एकदाची. फोडणीचा वास आला नाही म्हणे. तिकडं ताट पुढ्यात घेऊन बसलेत. उपाशी राजा फार किरकिर करतो, आणि ती मला ऐकावी लागते."

मी रडत रडत खाल्लं. राणीसाहेब समोर उभ्या राहून बघत होत्या. अर्धं झाल्यावर आपल्या घराकडे तोंड करून ओरडल्या, "खाल्लं हो तिनं! जेवा आता!" टाळं उघडेपर्यंत हे चाललं. पुढं कुणी त्याचा उच्चार केला नाही, म्हणून मीच करते आहे.

राणीसाहेब मोठ्या तोंडाळ. त्याही एका जहागीरदाराच्या लेक, पण राजेपणाचा त्यांना उबग आलेला. उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून साड्या आणून त्यांना फॉल लावायच्या, पदराला गोंडे बांधायच्या. पुढं मलाही त्यांनी ते काम शिकवलं. आम्ही दोघी गाठोडी घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात, त्याच्या दुकानात जायचो. व्यापारी गल्ल्यावरून हात जोडायचा, "आइये रानीसाहिबा, विराजो!" आणि लगेच टाके उलटसुलट करून बघायचा. "साईं, ये वाला कच्चा है."

"कच्चा तुझा बाप," राणीसाहेब मराठीत हळूच म्हणायच्या आणि हिंदीत मोठ्यानं, "दिखाओ, कहाँ कच्चा है?"

एकदाच राजेसाहेब बरोबर आले. व्यापाऱ्यानं मजुरी पाडून सांगितली. राणीसाहेब तोंड उघडणार तोच राजेसाहेब म्हणाले, "ठीक आहे. आमच्यात भाव करत नाहीत." राणीसाहेबांनी त्यांच्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. त्यानंतर त्यांना दुकानात प्रवेश बंद झाला. "राजांनी बाहेर पहारा द्यावा," असं सांगून त्यांना रस्त्यावर उभं करायच्या.

दरबारही भरायचा, रविवारी सकाळी. भाडेकरूंची भांडणं तिथं निघायची. बहुतेक पाण्याची, नाहीतर वाळत घालायच्या दोरीची. दोरी एकच आणि बायका चार. एकदा फार जुंपली तेव्हा राजेसाहेबांनी निकाल दिला की दोरी सरकारजमा, रोज एकाच घराचे कपडे, आणि दुसऱ्याचे दिसले तर काढून ओट्यावर टाकायचे. दुसऱ्या दिवशी दोरीवर व्यापाऱ्याच्या धुतलेल्या साड्या होत्या. राजेसाहेबांनी स्वतःच्या हातानं काढून ओट्यावर टाकल्या. आतून राणीसाहेब लाटणं घेऊन आल्या. "कुणी टाकल्या?" "कायद्यानं," राजेसाहेब म्हणाले आणि कामाची वेळ झाली नसताना कामावर निघून गेले.

आईसाहेब आतल्या खोलीत पडून असत. त्यांना आताचं काही कळत नव्हतं. वाड्यातल्या जुन्या नोकरांना हाका मारायच्या. "गंगू! पान!" ती गंगू कधीच वारली होती. राणीसाहेबांचे हात साड्यांत अडकलेले, म्हणून एकदा मीच उठून गेले. "आले, आईसाहेब." त्या दिवसापासून मी गंगू झाले. दात नव्हते, म्हणून पान खलबत्त्यात कुटून द्यायचं. चुना किती, कात किती, सगळं त्या सांगायच्या. चुकलं की चापट. "हे घर विड्याचं आहे गं, घाई करू नकोस." मला त्या बोलण्याचा अर्थ चैत्रात कळला.

चैत्रात त्यांच्या जुन्या गावच्या देवीची जत्रा असायची. संस्थान गेलं, वाडा गेला, पण एक गोष्ट उरली होती. देवीची पालखी राजघराण्याचा विडा आत ठेवल्याशिवाय उचलत नसत. त्यासाठी दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी गावचे पाटील आणि देवीचे गुरव एसटीनं, मग रेल्वेनं, अंबरनाथला येत. राजेसाहेब त्या दिवशी रजा घेत. पिवळट पडलेला लांब कोट घालत, फेटा बांधत. पितळी डब्यात विडा, वर खण, नारळ. आधी पाहुणे जेवायचे, मग राजे, मग विडा हातात द्यायचा. ते दोघं वाकून मुजरा करायचे. बस्स, एवढंच. पण तो विडा गेला की राजेसाहेब आठवडाभर वेगळेच दिसायचे. गेटवरचा टाइमकीपर हे जणू वेषांतर, असे.

या विड्यावर त्यांच्या चुलत्यांची नजर होती. घराण्याची धाकटी पाती, ती त्याच तालुक्यात राहायची. त्यांची मोटार होती, गावात वजन होतं. ते म्हणत, राजा मुंबईच्या पत्र्याखाली जाऊन बसला, त्याचा विडा कशाला? दरवर्षी पाटील हे हळूच सांगायचे, आणि दरवर्षी राजेसाहेब त्या रात्री ओट्यावर येरझारा घालायचे. मला झोपेतून काठीचा आवाज यायचा. राणीसाहेब एकदा माझ्यापाशी बोलल्या, "हा विडा गेला ना, तर हा माणूस नुसता टाइमकीपर उरेल. मला चालेल गं. त्यांना नाही चालणार."

ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे, त्या वर्षी पाहुणे यायच्या आदल्या दुपारी आईसाहेब गेल्या. माझ्यासमोरच. पान मागितलं, मी कुटायला बसले, आणि देईपर्यंत मान कलंडली होती. राजेसाहेबांना कारखान्यातून बोलावलं. ते आले, आईच्या पायाशी बसले. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा बराच वेळ एका जागी बसलेलं पाहिलं. संध्याकाळी सगळं उरकून परत आले तेव्हा मी ओळखलंच नाही. डोकं तुळतुळीत, मिशी साफ. त्या भरघोस मिशीखाली इतका छोटा चेहरा होता हे कुणाला माहीत नव्हतं.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. त्या रात्री शेजारच्या खोल्यांतून जेवण आलं; राजेसाहेबांनी ताटाला हात लावला नाही. राणीसाहेब मला म्हणाल्या, "उद्याचं तू बघशील?" मी हो म्हणाले. मग त्यांनी एकदम तोंडावर हात मारला. "अगंबाई, उद्या विडा!" गावाकडचे तर निघालेही असतील. त्यांना कळवायचं कसं?

सकाळी मी ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा करून राजवाड्यात नेऊन ठेवला. तेवढ्यात पाटील आणि गुरव आलेच. दारात त्यांनी राजेसाहेबांना बघितलं आणि दोघंही मटकन ओट्यावर बसले.

"राजे," पाटील म्हणाले, "हे काय करून बसलात?"

"आई गेली."

"ते दिसलं. वाईट झालं. पण केस? गादीवरच्या माणसाला सुतक नसतं. आपले आजोबा गेले तेव्हा थोरल्या महाराजांनी, आपल्या वडिलांनी, मिशीला हात लावू दिला नव्हता. त्याच दिवशी विडा दिला होता त्यांनी. आपल्याला तर हे पाठ आहे."

खरंच पाठ होतं. आम्हा भाडेकरूंनाही त्यांनी ते कितीदा सांगितलेलं. राजाला सुतक नाही, कारण राज्य एक दिवस थांबत नाही. आता राजेसाहेब डोक्यावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "न्हावी पुढं बसला, मी मान खाली घातली. त्या वेळी मला आठवलंच नाही, पाटील. मी राजा आहे हे आठवलंच नाही."

गुरव म्हातारे, समजूतदार. ते म्हणाले, "झालं ते झालं. फेटा बांधा राजे. डोकं झाकलं की देवीला काय दिसतंय? विडा न्यायलाच पायजे. पालखी उभी ऱ्हाईल नाहीतर."

राणीसाहेबांनी कोट आणला, फेटा आणला. केस नव्हते, त्यामुळं फेटा भुवयांपर्यंत खाली यायचा. दोनदा सोडून बांधला. तिसऱ्यांदा बसला. राजेसाहेब खुर्चीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "आधी जेवून घ्या."

"घरात चूल नसंल ना?" पाटील म्हणाले.

"शेजारून आलंय. या बाईंकडून."

पाटलांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या उघड्या दारातून आत, भिंतीकडे. "बाई कुठल्या?"

"परभणीकडच्या," राजेसाहेब म्हणाले.

"तसं नाही. कोणापैकी?"

तीन वर्षं ज्याची वाट बघत होते ते 'नंतर' हेच. पण कोण जाणे कसं, राजेसाहेब काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "आम्ही बौद्ध."

पाटलांनी उपरणं झटकलं. "आम्हाला भूक नाही राजे. वाटेत खाल्लंय."

"काय खाल्लंत?"

"केळी."

राणीसाहेब हलक्या आवाजात म्हणाल्या, "पलीकडच्या खोलीत सांगते दोघांपुरतं करायला. अर्धा तास लागेल फार तर." मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. मी म्हणाले, "हो, मी ताटं उचलते." मी वाकलेसुद्धा.

"बाई, हात लावू नका त्याला," राजेसाहेब म्हणाले. "आलेलं अन्न या घरातून परत जात नाही. पाटील, नेम तुम्हाला माहीत आहे. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवत नाही, आणि मी जेवल्याशिवाय विडा निघत नाही."

"राजे, नेम आम्हाला शिकवू नका. सगळ्याला काही रीतभात आहे."

"माझं सुतक तुम्ही फेट्याखाली झाकलंत. मी काही बोललो का? मग तुमची ही रीतही झाकायला काय होतंय?"

पाटील उभे राहिले. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. "जेवतो. आपला शब्द मोडत नाही. पण हे गावात सांगावं लागंल, लपून राहणार नाही. मग पुढच्या साली विडा कुठून न्यायचा ते गाव ठरवील. धाकटी पाती टपूनच बसलीय. आपण विचार करा."

राजेसाहेबांनी काठी घेतली आणि ओट्यावर चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रात्रपाळीवाला दारात येऊन उभा, बाकीच्या बायका उंबऱ्यावर. माझ्या मनात एकच, म्हणू देत, पलीकडून करा म्हणू देत, मला काही वाटणार नाही. राणीसाहेब त्यांच्याकडे बघत होत्या, पण थांबवत नव्हत्या. दोन फेऱ्या झाल्या. राजेसाहेब परत आले, काठी भिंतीला लावली आणि खुर्चीत बसले. नीट, पाठ टेकून.

"ताटं वाढा, बाई," ते म्हणाले. "आणि पाटील, बसा. हा हुकूम आहे."

गुरव आधी बसले. "मला तर भूक लागलीय बाबा," ते पाटलांना म्हणाले. "रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी झाली. देवीची सेवा मी करतो, माझं मी तिला सांगीन." त्यांनी पिठल्यात भाकरी बुडवली. "ठेचा जहाल हाय गं पोरी." आणि आणखी एक भाकरी मागितली. पाटील खाली मान घालून जेवले. ताटात काही टाकलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

मग राजेसाहेबांचं ताट. तीन वर्षांत ज्यांनी माझ्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, ते माझ्याच भाकरीचा तुकडा मोडत होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. जेवले, हात धुतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे," आणि विड्याचा डबा उचलला.

पाटील आणि गुरवांनी मुजरा केला. डबा घेतला. पाटील जाताना मागे वळून बघतील असं वाटलं होतं, ते वळले नाहीत. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर राजेसाहेबांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, आईसाठी रडले. राणीसाहेबांनी आम्हाला हातानंच खुणावलं. आम्ही आपापली दारं लावून घेतली.

पुढच्या चैत्रात राजेसाहेबांनी रजा घेतली. मिशी पुन्हा आली होती, पांढरी. कोट घालून, फेटा बांधून ते सकाळपासून ओट्यावर. राणीसाहेबांनी स्वयंपाक केला होता. दुपार झाली. एकेक गाडीची वेळ होऊन गेली. गल्लीत कुणी वळलं की राजेसाहेब उठायचे. तो दुसराच कुणी असायचा. संध्याकाळच्या आत विडा न निघाला तर तो जत्रेला पोचत नाही, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. विडा त्या वर्षी मोटारवाल्या चुलत्यांकडून गेला, हे आम्हाला पुढं कळलं. पण त्या दिवशी उन्हं उतरली तेव्हाच सगळ्यांना समजून चुकलं होतं.

मला राहवलं नाही. मी बाहेर आले. कडेवर त्या साली झालेली लेक होती, ती राणीसाहेबांकडे दिली आणि राजेसाहेबांसमोर जाऊन उभी राहिले.

"राजेसाहेब, आमच्यामुळं गेला तुमचा विडा. त्या दिवशी मी बोलले नसते, ताट उचललं असतं, तर..."

ते ताडकन उठले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुमच्यामुळं? तुम्ही कोण माझा विडा घालवणाऱ्या? कोण लागून गेलात? हुकूम मी दिला होता. ह्या तोंडानं दिला. जन्मभर हुकूम सोडतोय मी. नळावर सोडले, दोरीवर सोडले, घरात सोडले. राणीसाहेबांना विचारा एक तरी पाळला गेला का!"

"नाही," राणीसाहेब दारातून म्हणाल्या.

"ऐकलंत? एकच पाळला गेला. जाणत्या पाटलानं, मनात नसताना, माझ्या शब्दाखातर पाळला. तो माझा आहे. त्यात कुणाची भागीदारी मी ऐकून घेणार नाही. जा आत."

मी आत गेले. ते पुन्हा खुर्चीत बसले. अंधार पडला, नळाला पाणी आलं, बायका बादल्या घेऊन भांडायला लागल्या. तरी ते उठले नाहीत, आणि कोटही त्यांनी उतरवला नाही.